घाण कुठे जाते, तेही दाखवा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

शहरातल्या संस्था नागरिकांना आतून दाखवणाऱ्या फेऱ्यांबद्दलचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. नाट्यगृहाची मागची बाजू, संग्रहालयाचं कोठार, अभिलेखागार, अग्निशमन केंद्र, जलशुद्धीकरण केंद्र अशा जागांची दारं महिन्यातून एकदा तरी लोकांना उघडी करावीत, ही त्यातली सूचना मला मनापासून पटली. पण लेखासोबतचा फोटो पाहिला आणि हात शिवशिवले. फोटोत घुमट आहे, जिना आहे, जिन्यावर उभं राहून वर बघणारे पंधरा-वीस लोक आहेत. त्या इमारतीत काम करणारा मात्र एकही माणूस नाही.

मी जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं नोकरी केली. लोकांना ज्या जागा आता हौसेने पाहायच्या आहेत, तसल्या एका जागेत मी रोज डबा घेऊन जात होते. निवृत्त झाल्यापासून अशी एकही फेरी सोडत नाही. आता पाहुणी म्हणून जाते, रांगेत उभी राहते, गळ्यात बिल्ला अडकवून घेते. दाखवणारी आणि बघणारी, दोन्ही होऊन झालं आहे, म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री आपल्या हातात आहेच.

नोकरीत असताना आमच्याकडे पाहुणे यायचे ते दोन जातींचे. पहिली जात मोठ्यांची. ते येणार असं कळलं की आठवडाभर आधीपासून कठडे रंगायचे, पंपघराच्या फरशा घासल्या जायच्या, तुरटीचे पांढरे ओघळ खरवडून काढले जायचे. आणि त्या दिवशी फिल्टरचा बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून अडकलेला गाळ धुऊन काढणं, करायचा नाही, असा तोंडी हुकूम असे. कारण बॅकवॉशचं पाणी मळकट दिसतं आणि मळकट पाणी पाहुण्यांना दाखवणं बरं दिसत नाही. पाणी स्वच्छ करणाऱ्या केंद्रात घाण निघताना डोळ्यांना दिसते अशी ती एकच जागा, आणि नेमकी तीच आम्ही झाकून ठेवायचो. पाहुणे टाकीतल्या संथ, निळसर पाण्याकडे बघून मान डोलवायचे, वहीत अभिप्राय लिहायचे आणि जायचे. एका निवांत रात्रपाळीत मी ती अभिप्रायांची वही सलग वाचून काढली होती. ‘परिसर स्वच्छ व नीटनेटका आहे’ हे वाक्य त्यात इतक्या वेळा होतं की त्याचा शिक्का करून घेतला असता तरी चाललं असतं.

दुसरी जात शाळेच्या मुलांची. त्यांच्यासाठी कोणी काही रंगवत नसे. मुलांना फिरवायचं काम बहुधा माझ्या गळ्यात पडे, कारण साहेब मंडळी मुलांना बिचकून असत.

एका पावसाळ्यात सातवीचा एक वर्ग आला. नदीला पूर होता, येणारं पाणी मातीच्या रंगाचं. मी नेहमीप्रमाणे जार टेस्ट लावून ठेवली होती. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. एकेक लिटरचे सहा बीकर ओळीने, सगळ्यांत तेच गढूळ पाणी. पहिल्यात तुरटी अगदी कमी, दुसऱ्यात थोडी जास्त, अशी सहाव्यापर्यंत चढती मात्रा. वरून सहा पाती फिरतात, आधी मिनिटभर जोरात आणि मग पंधरा-वीस मिनिटं अगदी हळू. हळू फिरताना पाण्यात धुकं धरल्यासारखं होतं, मग बारीक कण दिसू लागतात, ते एकमेकांना चिकटतात आणि पिंजलेल्या कापसासारखे पुंजके तयार होतात. पाती थांबवली की पुंजके तळाशी बसू लागतात. अर्ध्या तासाने बघायचं. कमीत कमी तुरटीत ज्या बीकरमधलं वरचं पाणी नितळ झालं, तो त्या वेळचा डोस. पुराच्या दिवसांत नदीचं पाणी तासातासाला बदलतं, तशी ही टेस्टही पुन्हा पुन्हा लावावी लागते. हा निर्णय कुठल्या सभेत होत नाही. सहा बीकरांसमोर उभं असलेलं एक माणूस, बऱ्याचदा जागरणाने डोळे चुरचुरत असलेलं, तो घेतं आणि सकाळी सगळं शहर त्या पाण्याने तोंड धुतं.

मुलांनी पैजा लावल्या. चार नंबरचा बीकर जिंकला. सहा नंबरवर पैज लावणारा मुलगा माझ्याशी भांडायला आला, कारण तुरटी त्यात सगळ्यांत जास्त होती आणि पाणी मात्र पुन्हा धुरकट दिसत होतं. तुरटी गरजेपेक्षा जास्त झाली की कण जवळ यायच्या ऐवजी पुन्हा एकमेकांना दूर ढकलू लागतात, हे त्याला समजावताना माझी बरीच दमछाक झाली. त्याला ते पटलं असं वाटत नाही.

तिथून फिल्टरवर. कठड्याशी उभं राहून मी माझं पाठ झालेलं भाषण सुरू केलं. पाण्याखाली साधारण साठ ते पंचाहत्तर सेंटिमीटर वाळू, तिच्याखाली खडी, खडीखाली नळ्या. पाणी वरून खाली झिरपतं, उरलासुरला गाळ वाळूत अडकतो, खालून स्वच्छ पाणी निघतं, त्यात क्लोरिन मिसळतो आणि ते तुमच्या नळाला येतं. संपलं भाषण. मागून एका मुलीने हात वर केला.

“मॅडम, पाणी नळाला गेलं. मग घाण कुठे गेली?”

माझ्या भाषणात नदीपासून नळापर्यंत सगळं होतं आणि घाणीचं पुढे काय होतं ते नव्हतं. मी ते लपवलं होतं असंही नाही. इतकी वर्षं तिथे वावरून मला कधी सुचलंच नव्हतं की हे कोणाला विचारावंसं वाटेल.

त्या फिल्टरचा बॅकवॉश दुपारी व्हायचा होता. मी ऑपरेटरला म्हटलं, आत्ताच घ्या. त्यांनी एकदा मुलांकडे बघितलं, एकदा साहेबांच्या खिडकीकडे, आणि चावी फिरवली. आधी वरचं पाणी उतरवलं. मग खालून हवा सोडली, तशी ती संथ टाकी भात शिजल्यासारखी खदखदायला लागली. मग पाणी, पण उलट्या दिशेने, खालून वर. वाळू फुगते, कण एकमेकांवर घासतात आणि अडकलेला सगळा गाळ ढगासारखा वर येऊन पन्हळीत पडतो. पहिली एक-दोन मिनिटं तो रंग बघवत नाही. मग तपकिरी फिका पडतो, पिवळट होतो, आणि दहाएक मिनिटांनी तळाची वाळू दिसू लागते. मुलं कठड्याला लोंबत होती. त्यांच्या बाई त्यांचे शर्ट मागून धरून उभ्या होत्या.

मग गाळामागोमाग आम्ही चालत गेलो, गाळ सुकवायच्या वाफ्यांपर्यंत. तिथे वास येतो. मुलांनी नाकं दाबली, पण परत जाऊ या असं कोणी म्हटलं नाही. उन्हाने भेगा पडलेला जुना गाळ आणि शेजारी ताजा, लापशीसारखा. त्या मुलीला मी सांगितलं, घाण इथे येते. आणि पावसाळ्यात सगळी इथे मावत नाही, काही परत ओढ्याला जाते, तसं जायला नको. तिने वहीत नळाकडे जाणारा बाण काढला होता. त्याला खालून दुसरा बाण जोडला आणि त्याच्या टोकाला प्रश्नचिन्ह काढलं.

या शेवटच्या वाक्याबद्दल मला नंतर वरून ऐकून घ्यावं लागलं. बाहेरच्यांसमोर आपल्या उणिवा कशाला, वगैरे. ते साहेब वाईट नव्हते. गाळाचे वाफे वाढवा म्हणून तेच दरवर्षी वर पत्रं पाठवत. फक्त ती पत्रं चार भिंतींच्या आत राहावीत असं त्यांना वाटे. त्या दिवसानंतर मी मात्र प्रत्येक फेरी बॅकवॉशपासून सुरू केली.

आता माझं म्हणणं. संस्था आतून दाखवायची तर तिथलं काम चालू असताना दाखवा, काम करणाऱ्याच्या तोंडून दाखवा, आणि जे बिघडतं, सांडतं, उरतं, तेही दाखवा. इमारत नंतर बघू. ती बाहेरूनही दिसते.

निवृत्तीनंतर पाहिलेल्या फेऱ्यांत सगळ्यांत चांगली कोणती, असं विचाराल तर मी एका नाट्यगृहाची सांगेन. तिथे आम्हाला जे गृहस्थ भेटले, ते तीस वर्षं पडदे आणि फळ्या वर-खाली करण्याचं काम करत होते. बोलणं बेताचं. आम्हाला बाजूच्या भिंतीशी नेलं. तिथे दोरांची रांग होती आणि प्रत्येक दोरामागे लोखंडी वजनांची चळत. रंगमंचावर फळीला टांगलेलं रंगवलेलं दृश्य जितकं जड, तितकीच वजनं दुसऱ्या बाजूला. दोन्ही बाजू तोलात असल्या की माझ्यासारखी गुडघे दुखणारी बाईसुद्धा अख्खा राजवाडा हाताने वर नेऊ शकते. मी नेला. खोटं कशाला सांगू, घरी जाऊन तीन जणांना फोन करून हे सांगितलं.

मग त्यांनी एकच नियम सांगितला. सामान लावताना आधी सामान, मग वजनं. उतरवताना आधी वजनं, मग सामान. क्रम चुकला तर वजनाची बाजू भारी होते, ती खाली येते आणि मोकळी फळी सुसाट वर जाते. आम्हाला वर बघायला सांगून त्यांनी लोखंडी जाळीची एक वाकलेली पट्टी दाखवली. कधी वाकली, कोणामुळे, ते काही सांगितलं नाही. “नवीन पोरगा आला की पहिल्या दिवशी ही दाखवतो,” एवढंच म्हणाले. त्या पट्टीपाशी मी बराच वेळ उभी होते. आमच्याकडे अशी पट्टी असती तर पाहुणे यायच्या आदल्या दिवशी ती बदलून टाकली असती.

शेवटी त्यांनी सगळे दिवे बंद केले. अंकाच्या मधल्या अंधारात माणसं सामान घेऊन कशी धावतात ते कळावं म्हणून आम्हाला म्हणाले, आता विंगेतून त्या खुर्चीपर्यंत जा. जमिनीवर चिकटवलेल्या पांढऱ्या पट्ट्यांचे तुकडे आणि विंगेतला मिणमिणता निळा दिवा, एवढ्यावर जायचं. आम्ही बारा जण होतो, खुर्ची सापडली तिघांना. मी दुसऱ्याच बाजूच्या विंगेत निघाले.

याच्या उलट अनुभव एका संग्रहालयात आला. नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं चांगली होती, फेरीच चुकीची आखली होती. फिरवायला बाहेरचा गाईड, कानाला माईक. कमानी किती, दगड कुठला, जिन्याचा कठडा कोणत्या शैलीतला, हे त्याने तीन-तीनदा सांगितलं, तरी माझ्या लक्षात काही राहिलं नाही. ‘आता आपण जाणार आहोत पडद्यामागे’ असं म्हणत त्याने एक दार उघडलं. आत एका लांब टेबलावर जुनं वस्त्र पसरलेलं होतं आणि एक मुलगी भिंगाखाली त्याच्या सुटलेल्या धाग्यांखालून नवं अस्तर टाचत होती. गाईड तिच्याकडे पाठ करून आम्हाला छताबद्दल सांगू लागला. मी घोळक्यातून मागे राहिले आणि तिला विचारलं, आज दिवसभरात किती होईल? तिने तळहाताएवढा भाग दाखवला. खोलीत उजेड एवढा कमी का, हेही विचारलं. तिने सांगितलं की कापड आणि कागद यांच्यावर साधारण पन्नास लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं माप) जास्त उजेड पडू देत नाहीत. उजेडाने झालेली झीज भरून येत नाही, ती नुसती साठत जाते. म्हणून असं वस्त्र काही महिने दालनात मांडतात आणि मग काही वर्षं पेटीत, अंधारात ठेवतात.

संग्रहालयाच्या कोठारात ‘खजिना धूळ खात पडला आहे’ अशा बातम्या आपण सगळेच वाचतो. (आपल्या दैनिकातही वाचल्या आहेत.) त्यातल्या काही खऱ्या असतीलही. पण ठेवलेलं आणि टाकलेलं यातला फरक मला त्या मुलीशी दोन मिनिटं बोलल्यावर कळला. तेवढ्यात ‘चला चला, मागे राहू नका’ अशी हाक आली, आणि तिथून आम्हाला जिथे नेलं त्या जागी जमिनीवर पावलं रंगवली होती, फोटो काढण्यासाठी.

पुरवणीतल्या लेखात ही कल्पना नवी असल्यासारखी मांडली आहे. तशी ती नवी नाही. पॅरिसमध्ये १८६७ च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी लोकांना शहराची भूमिगत गटारं दाखवायला सुरुवात झाली. गाड्यांतून आणि होड्यांतून लोक जमिनीखाली फिरून यायचे, आणि चांगल्या घरच्या बायकाही त्यात असायच्या. शहराला तेव्हा आपल्या गटारांचा अभिमान होता आणि तो मिरवायची लाज नव्हती. फ्रान्समध्येच १९८४ पासून दर सप्टेंबरात वारसास्थळं लोकांना उघडी करण्याचा प्रघात सुरू झाला, १९९१ पासून तो युरोपभर गेला. ग्लासगोत १९९० मध्ये, लंडनमध्ये १९९२ मध्ये अशीच दारं उघडली. आपल्याकडे मुंबई महापालिकेच्या १८९३ मध्ये पूर्ण झालेल्या मुख्यालयाची वारसा-फेरी २०२१ मध्ये सुरू झाली, तेही चांगलंच झालं. पण अशा बहुतेक फेऱ्या शनिवार-रविवारी असतात. लोकांना सुट्टी हवी, हे खरं. पण सुट्टीच्या दिवशी कचेरी बघायला जाणं म्हणजे नाटक नसलेल्या दिवशी नाट्यगृहात जाऊन रिकाम्या खुर्च्या मोजण्यासारखं आहे.

काम दाखवण्याचं धाडस करणारी उदाहरणंही आहेत. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम इथे बॉयमन्स संग्रहालयाने २०२१ मध्ये आपलं अख्खं कोठारच लोकांसाठी उघडलं. दीड लाखाहून जास्त वस्तू, वेगवेगळ्या तापमानाच्या आणि आर्द्रतेच्या दालनांत, आणि दुरुस्तीचं काम काचेपलीकडे चाललेलं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने २०२५ मध्ये आपल्या नव्या कोठारात याच्याही पुढची सोय केली. तिथे कोणीही आधी नोंदणी करून यादीतली वस्तू मागवू शकतो आणि ठरल्या वेळी जाऊन ती जवळून पाहू शकतो. शिधापत्रिकेवर सही-शिक्का मिळवण्यापेक्षा हे सोपं दिसतं.

मला सगळ्यांत आवडलेलं उदाहरण जपानमधलं. तोक्योच्या उत्तरेला कासुकाबे इथे पुराचं पाणी वळवण्यासाठी जमिनीखाली पन्नास मीटर खोल, ६.३ किलोमीटर लांबीचा बोगदा आहे. २००६ मध्ये तो पूर्ण झाला. त्याच्या शेवटी १७७ मीटर लांब आणि ७८ मीटर रुंद टाकी आहे, आत ५९ प्रचंड खांब. लोकांना तिथे उतरवून फिरवतात. मात्र पाऊस झाला आणि टाकीत पाणी घ्यायची वेळ आली की फेरी रद्द. एखादी फेरी अशा कारणाने रद्द झाली तर मी तरी तक्रार करणार नाही. उलट गेटवर येऊन कोणीतरी ‘आज पाणी आलंय’ एवढं सांगावं.

आता आक्षेपांकडे येते, कारण ते मी स्वतः ऐकले आहेत आणि काही स्वतः घेतलेही आहेत.

सुरक्षेचा आक्षेप पहिला. तो खोटा नाही. आमच्याकडे क्लोरिनच्या टनरची, म्हणजे टनभर वायू मावणाऱ्या नळकांड्यांची, खोली होती. तिथे मी कधीही कोणाला नेलं नाही आणि आजही नेऊ नये असंच म्हणेन. पण बाहेरून, खिडकीतून, एक गोष्ट मी प्रत्येकाला दाखवत असे. त्या खोलीचे हवा बाहेर टाकणारे पंखे वर नव्हते, जमिनीलगत होते. का? कोणी तरी उत्तर देईपर्यंत मी थांबायचे. क्लोरिन हवेच्या जवळजवळ अडीचपट जड असतो. गळला तर तो खाली बसतो, पायांशी पसरतो, म्हणून त्याला खालूनच बाहेर काढायचं. आणि गळतोय का हे बघायला अमोनियात बुडवलेला बोळा जोडाजवळ फिरवायचा, पांढरा धूर दिसला की तिथे गळती. एवढं सांगितलं की आत जायचा हट्ट कोणी करत नसे. बंद दाराचं कारण कळलं की माणसं समजून घेतात. ‘प्रवेश निषिद्ध’ एवढ्यावर मात्र नक्की डोकावतात.

काही दारं दुसऱ्या कारणासाठी बंद राहायला हवीत. अग्निशमन केंद्राच्या नियंत्रण कक्षात फोनवर रडणारा आवाज हा कोणाच्या तरी आयुष्यातला सगळ्यांत वाईट क्षण असतो. तो पाहुण्यांच्या कानी पडू नये. तिथे गाडी, शिडी, पाण्याचा होज, कपडे चढवायला लागणारा वेळ, हे जरूर दाखवा. फोन नको. अभिलेखागारात कागदांची दुरुस्ती दाखवा, कसर लागलेलं बाड दाखवा, जुन्या लोखंडी शाईने कागद खाऊन अक्षरांच्या जागी पडलेली भोकं दाखवा. पण कोणाच्या घरचे खटले उघडे पाडू नका.

दुसरा आक्षेप कामाच्या खोळंब्याचा. तोही खरा आहे, आणि त्यावर मी जरा कडूपणाने बोलणार आहे. मी मुलांना फिरवून परत यायचे तेव्हा माझे नमुने टेबलावर तसेच वाट बघत असायचे. ती दोन तासांची फेरी कुठल्याच कागदावर काम म्हणून धरली जात नव्हती. आवड आहे ना, मग करा. अशाने आवडसुद्धा आटते. फेरी घेणाऱ्या कामगाराचे तेवढे तास कामात धरा, त्याच्या जागी दुसरं माणूस द्या, आणि त्याला नको असेल तर नको म्हणू द्या. पडदे ओढणारे ते गृहस्थ बोलके नव्हते, तरी त्यांच्याइतकं कोणी शिकवलं नाही. मात्र त्यांना जबरदस्तीने उभं केलं असतं तर आम्हाला नुसते दोर दिसले असते.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण खरा तोच असतो. लोकांना आतलं कळलं तर ते प्रश्न विचारतील. अमेरिकेतल्या जर्सी सिटीत १९०८ मध्ये जॉन लील नावाच्या डॉक्टरने शहराच्या पाण्यात कायमस्वरूपी क्लोरिनची पावडर घालायला सुरुवात केली, अमेरिकेत पहिल्यांदाच. आधी जाहीर चर्चा नाही, परवानगी नाही. शहर आणि पाणी कंपनी यांचा खटला आधीच चालू होता, त्यात हे प्रकरणही आलं. पाण्यात विष घालतात का, इथपर्यंत प्रश्न आले, तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या आणि अखेर लीलची पद्धत योग्य ठरली. आज जगभरातली अनेक शहरं क्लोरिन घातलेलं पाणी पितात. लील बरोबर होता याबद्दल मला शंका नाही, माझी अख्खी नोकरी त्याच्याच जिवावर झाली. तरी ती हकिकत मी फेरीत सांगायचे ती एवढ्यासाठी की नळाला वास आला म्हणून फोन करणाऱ्या माणसाला आमच्यातले काही जण अडाणी म्हणायचे. त्याला कोणी सांगितलं होतं का, की शेवटच्या नळाशीसुद्धा लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरायला हवा? तो वास कधी काळजीचा असतो आणि कधी दिलाशाचा, हे त्याने कुठून शिकायचं?

बाकी तपशील थोडक्यात. गट बारा-पंधरांचाच असावा, मागच्याला ऐकू यावं म्हणून. महिन्यातून एक तरी फेरी कामाच्या दिवशी आणि एक रात्रपाळीला असावी, कारण शहराचं निम्मं काम रात्रीच होतं. जिने न चढता दिसेल असा एक मार्ग ठेवावा (हे मी स्वार्थानेच लिहिते). अभिप्रायांची वही ठेवायचीच असेल तर पहिल्या पानावर ‘परिसर स्वच्छ व नीटनेटका आहे’ हे छापूनच टाकावं, म्हणजे लोक दुसरं काही लिहितील.

जाता जाता एक विनंती, तीही आपल्यालाच. लेखात नाट्यगृह आहे, संग्रहालय आहे, जलकेंद्र आहे. वर्तमानपत्र मात्र त्या यादीत नाही. तीही शहराची संस्थाच की. पान शेवटच्या घटकेला बदलतं तेव्हा काय होतं, कापलेल्या मजकुराचं काय करतात, पहिल्या काही प्रती शाई बसेपर्यंत डागाळलेल्या निघतात त्या कुठे जातात, हे मला बघायचं आहे. आवराआवर करू नका. मला जागरणाची सवय आहे, छापखान्याच्या फाटकाशी किती वाजता यायचं तेवढं कळवावं.

आपली नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक